ओसाकाहून रेल्वेनं एका दिवसाच्या सहली: होर्यूजी-नारा, कोयासान, हिमेजी

ओसाकात गाड्या मध्यरात्रीपर्यंत धावतात, पण आसपासची देवळं, मठ आणि किल्ले दुपारी साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान बंद होतात. शेवटचा प्रवेश त्याच्याही अर्धा-एक तास आधी संपतो. म्हणून सहल आखताना वेळापत्रक उलटं मांडायचं: आधी शेवटचा प्रवेश किती वाजता ते बघायचं, त्यातून तिथे लागणारे तास वजा करायचे, मग प्रवासाचा वेळ. उरेल ती हॉटेलातून निघायची वेळ, आणि ती बहुतेकदा सकाळी साडेसात-आठच्या आसपास येते. दहाला आरामात नाश्ता करून निघालेल्या माणसाला कोयासान (डोंगरावरचं मठांचं गाव) अर्धवटच दिसतं.

दुसरी गोष्ट, एका दिवसात एकच दिशा. नारा आणि हिमेजी एका दिवसात ‘बसतात’ असं नकाशा सांगतो, पण नारा पूर्वेला आणि हिमेजी पश्चिमेला आहे. दोन्हीकडे गेलात तर दिवसाचे चार तास गाडीत आणि फलाटांवर जातील. होर्यूजीचं देऊळ आणि नारा मात्र एकाच रेल्वेमार्गावर आहेत, ती जोडी छान जमते.

स्टेशन चुकलं तर अर्धा तास गेला

नांबा नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. कोयासानला जाणारी नानकाई रेल्वे ‘नानकाई नांबा’हून सुटते. नाराला जाणारी किनतेत्सु ‘ओसाका-नांबा’हून, आणि ते स्टेशन जमिनीखाली आहे. ‘जेआर नांबा’ (जेआर म्हणजे जपान रेल्वे) हे तिसरंच, पश्चिमेला पडतं. मेट्रोची नांबा स्टेशनं आणखी वेगळी. सगळी भुयारी वाटांनी जोडलेली आहेत, पण एकातून दुसऱ्यात जायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात आणि प्रत्येकाचं फाटक स्वतंत्र. नकाशावर नुसतं ‘नांबा’ न टाकता कंपनीच्या नावासकट स्टेशन टाका. उत्तरेला जेआरचं ‘ओसाका’ आणि खासगी गाड्यांचं ‘उमेदा’ यांचंही तसंच: शेजारी-शेजारी आहेत, पण वेगळी.

राहायची जागा ठरवायची असेल आणि नारा व कोयासान नक्की करायचं असेल तर नांबा किंवा तेन्नोजी सोयीचं. हिमेजी आणि क्योतोकडे जास्त फिरायचं असेल तर ओसाका-उमेदा.

गाडीचा प्रकार आणि जादा पैसे

फलाटावरच्या पाटीवर गाडीचा प्रकार लिहिलेला असतो. ‘फुत्सू’ म्हणजे सगळीकडे थांबणारी स्लो गाडी. ‘क्यूको’, ‘काइसोकु’, ‘काइसोकु क्यूको’, ‘शिन-काइसोकु’ या फास्ट गाड्या, आणि यांना साध्या तिकिटावर चढता येतं. घोळ होतो तो ‘तोक्क्यू’ या प्रकारात. हानक्यू, हानशिन आणि केइहान या कंपन्यांच्या तोक्क्यूला साधं तिकीट पुरतं (केइहानच्या आणि हानक्यूच्या काही गाड्यांतला आरक्षित खास डबा सोडून). किनतेत्सु, जेआर आणि नानकाईची कोया मार्गावरची तोक्क्यू यांना मात्र आरक्षणाचं वेगळं तिकीट लागतं. नाराला जाणारी जादा पैशाची तोक्क्यू आणि विनाजादा काइसोकु क्यूको एकाच स्टेशनातून थोड्या मिनिटांच्या अंतरानं सुटतात. चुकून तोक्क्यूत बसलात तर डब्यात येणारा कर्मचारी शांतपणे जादा भाडं घेतो. दंड वगैरे होत नाही, पण पाचेकशे येन जातात आणि वेळ फारसा वाचत नाही.

तिकिटासाठी ‘इकोका’ हे पैसे भरून फाटकावर टॅप करायचं कार्ड घ्या: २००० येन, त्यातले ५०० अनामत. जेआर, किनतेत्सु, नानकाई, मेट्रो आणि बहुतेक बसमध्ये तेच चालतं. तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. स्टेशनवरच्या बहुतेक मशीनमध्ये कार्ड भरायला रोख लागते. शिल्लक कमी पडली तर बाहेर पडायच्या फाटकाजवळच्या भाडं-समायोजनाच्या मशीनवर फरक भरता येतो, घाबरायचं कारण नाही. आणि आत टॅप करून विचार बदलला तर त्याच स्टेशनातून परत टॅप करून बाहेर पडता येत नाही. खिडकीवरच्या माणसाला कार्ड दाखवा, तो आतली नोंद काढून देतो. सहा वर्षांखालची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट, सहा ते अकरा वर्षांना अर्धं भाडं. मुलांचं कार्ड मशीनवर मिळत नाही, पासपोर्ट घेऊन खिडकीवर जावं लागतं.

पासबद्दल एकच सांगणं: आधी साधं भाडं जोडून बघा. ओसाका-नांबा ते किनतेत्सु नारा एकेरी ६८० येन आहे. जाऊन-येऊन १३६०. त्यासाठी कुठलाही पास घ्यायची गरज नाही. आणि देशभराचा जेआर पास किनतेत्सु किंवा नानकाईवर चालत नाही, हे खूप जणांना फाटकावर गेल्यावर कळतं.

होर्यूजी आणि नारा: जाताना जेआर, येताना किनतेत्सु

तेन्नोजीहून (किंवा ओसाकाहून) जेआरची ‘यामातोजी काइसोकु’ पकडा. तेन्नोजीहून होर्यूजी साधारण पंचवीस मिनिटं. स्टेशनहून देऊळ दीड किलोमीटर, चालत वीस मिनिटं, बसही आहे. देऊळ आठला उघडतं, साडेआठपर्यंत पोचलात तर शाळेच्या सहली यायच्या आधीचा शांत तास मिळतो. प्रवेश २००० येन, आणि त्यात पश्चिम आवार, खजिन्याचं संग्रहालय आणि पूर्वेचं युमेदोनो हे अष्टकोनी दालन असं तिन्ही येतं. तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवा, तिन्ही दारांवर तपासतात.

होर्यूजीची स्थापना परंपरेनं ६०७ सालची. जुनं देऊळ ६७० मध्ये जळाल्याची नोंद आहे. आज दिसणारा कोंदो म्हणजे मुख्य गाभारा आणि पाच मजली पॅगोडा सातव्या शतकाच्या शेवटापासून आठव्याच्या सुरुवातीपर्यंत उभे राहिले. जगात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत यांची गणना होते.

मराठी वाचकानं कोंदोत जास्त वेळ थांबावं. इथल्या भिंतींवर बुद्धांच्या स्वर्गलोकांची मोठी चित्रं होती, आणि त्यांची तुलना अभ्यासक गेली शंभर वर्षं अजिंठ्याशी करत आले आहेत. सहाव्या भिंतीवरचा बोधिसत्त्व बघा: कमरेत घेतलेला हलका बाक, अर्धमिटले डोळे, बोटांची ठेवण. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ज्यांनी पाहिलाय त्यांना नातं सांगावं लागत नाही. मूळ चित्रं २६ जानेवारी १९४९ च्या आगीत होरपळली. त्या वेळी दुरुस्तीसाठी इमारतीचा वरचा भाग उतरवून ठेवलेला होता, म्हणून तेवढा वाचला. या धक्क्यातून १९५० चा सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा आला, आणि २६ जानेवारीला जपानभर देवळांमध्ये आग विझवण्याची कवायत होऊ लागली. आज भिंतीवर दिसतात त्या १९६० च्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या प्रतिकृती. जळालेल्या भिंती आवारातल्याच कोठारात जपल्या आहेत, एरवी बघायला मिळत नाहीत. आत अंधार असतो. उजेडातून आल्या आल्या काहीच दिसत नाही आणि बहुतेक जण मिनिटभरात बाहेर पडतात. तीन-चार मिनिटं एका जागी उभे राहा, रंग हळूहळू वर येतात. फोटोला मनाई आहे.

युमेदोनोतली कुझे कान्नोनची (अवलोकितेश्वराची) मूर्ती वर्षातून दोनदाच दाखवतात: ११ एप्रिल ते १८ मे आणि २२ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर. तारखा जुळत असतील तर सहल त्यांच्याभोवती आखा.

अकराच्या सुमारास होर्यूजीहून पुढची जेआर गाडी घेतली की बारा-एक मिनिटांत नारा. जेआरचं नारा स्टेशन देवळांपासून लांब आहे, महाबुद्धाच्या तोदाईजी देवळापर्यंत चालत पाऊण तासाच्या आसपास. इथे शहराची वर्तुळाकार बस घ्या. परतताना किनतेत्सु नारा जवळ पडतं, म्हणून जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी.

तोदाईजीच्या दक्षिण दरवाजात दोन्ही बाजूंना साडेआठ मीटरच्या आसपास उंचीचे दोन लाकडी द्वारपाल आहेत. उनकेई, काइकेई हे शिल्पकार आणि त्यांच्या कार्यशाळेनं ते १२०३ मध्ये जवळजवळ सत्तर दिवसांत उभे केले. लोक आवारात मोकळ्या फिरणाऱ्या हरणांच्या नादात या दरवाजातून सरळ निघून जातात. थांबा, जाळीच्या आत मान वर करून बघा.

महाबुद्धाच्या दालनाला ८०० येन. एप्रिल ते ऑक्टोबर साडेसात ते साडेपाच, नोव्हेंबर ते मार्च आठ ते पाच. आतला वैरोचन बुद्ध सुमारे १५ मीटर उंच, कांस्याचा. ७५२ मध्ये त्याचा नेत्रोन्मीलन विधी झाला, तेव्हा डोळ्यांत बुबुळ रेखण्याचं काम केलं ते बोधिसेन या भारतीय भिक्षूनं. जपानी नोंदींनुसार तो दक्षिण भारतातला ब्राह्मण. ७३६ मध्ये जपानला आला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना. तो कुंचला आणि दोरी आजही इथल्या शोसोइन भांडारात आहे. भांडारातल्या निवडक वस्तूंचं प्रदर्शन दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी नारा राष्ट्रीय संग्रहालयात भरतं. तिकीट आधी, वेळेसकट आरक्षित करावं लागतं.

मूर्ती मात्र आगी आणि भूकंपांतून गेली आहे. डोकं सतराव्या शतकाच्या शेवटचं आहे, पण आसनाच्या काही पाकळ्यांवरचं बारीक रेषाकाम आठव्या शतकातलं आहे. ते खालून नीट दिसत नाही, म्हणून दालनात एका पाकळीची प्रतिकृती डोळ्यांच्या उंचीला ठेवली आहे. दालनही १७०९ मधलं. मूळ इमारत याच्या दीडपट रुंद होती.

तिथून डावी-उजवी न करता टेकडीवरच्या निगात्सुदो दालनाकडे चढा. प्रवेश फुकट, लाकडी गच्चीवरून सगळं नारा दिसतं, आणि हे ठिकाण उशिरापर्यंत उघडं असतं. म्हणून तिकिटाची ठिकाणं आधी, हे शेवटी. १ ते १४ मार्चला इथे ओमिझुतोरी हा विधी असतो. रात्री पेटत्या मशाली घेऊन भिक्षू गच्चीवरून धावतात. ७५२ पासून हा विधी एकदाही खंडलेला नाही. त्या दिवसांत संध्याकाळी गर्दी प्रचंड असते.

नाऱ्यातल्याच कोफुकुजी देवळाच्या पाच मजली पॅगोड्यावर सध्या मोठी दुरुस्ती चालू आहे आणि तो आच्छादनाखाली आहे. त्याच्यासाठी वाट वाकडी करू नका. तिथल्या खजिन्याच्या संग्रहालयात ७३४ ची तीन तोंडं, सहा हात असलेली आशुराची (असुराची) मूर्ती आहे, तिच्यासाठी मात्र जरूर करा.

हरणं पाळीव नाहीत. बिस्किटांचा पुडा (सुमारे २०० येन) घेतलात की लगेच वाटून टाका. हात वर करून चिडवत ठेवलं की ती मागून ढुशी देतात, चावतात. बिस्किटं संपली की दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे, मग ती निघून जातात. कागदी नकाशा, तिकीट, पिशवी बाहेर लोंबत ठेवू नका, खातात. चिवडा, पोळी, केळं काहीही द्यायचं नाही. शरद ऋतूत नर बिथरलेले असतात आणि जूनच्या आसपास पाडसांच्या आया. मुलांना तेव्हा लांब ठेवा.

कोयासान: सकाळी लवकर, नाहीतर मुक्कामच करा

कूकाई (कोबो दाइशी) या भिक्षूनं ८१६ मध्ये सम्राटाकडून हा डोंगर मिळवला आणि शिंगोन या बौद्ध पंथाचा मठ वसवला. उंची आठशे मीटरच्या वर, ओसाकापेक्षा पाच ते दहा अंशांनी गार. मार्चमध्येही स्वेटर न्या, हिवाळ्यात घसरणार नाहीत असे बूट.

१. नानकाई नांबाहून साडेसातच्या आसपास हाशिमोतोकडे जाणारी काइसोकु क्यूको किंवा क्यूको पकडा. थेट जाणारी तोक्क्यू ‘कोया’ही आहे, आरक्षण लागतं. सुट्टीच्या दिवशी आणि नोव्हेंबरच्या पानगळीत ती आधीच भरते.

२. हाशिमोतोला बदलून गोकुराकुबाशीची गाडी. इथून एकेरी रूळ आणि तीव्र वळणं सुरू होतात. पाऊण तास लागतो. गाडी चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागतं, म्हणून उतरल्यावर इकडेतिकडे रेंगाळू नका.

३. गोकुराकुबाशीला बाहेर न पडता केबल कारकडे. पाच मिनिटांत सुमारे ३३० मीटर चढ.

४. वरच्या स्टेशनहून बस. स्टेशन ते न्योनिंदो थांब्यापर्यंतचा रस्ता फक्त बससाठी आहे, पायी जायला मनाई. नांबाहून केबल कारसकट भाडं सुमारे १४०० येन. बससकट एकत्रित डिजिटल तिकीटही नानकाई विकते; दिवसभर बस वापरणार असाल तर ते परवडतं.

आता मुख्य युक्ती. बसनं थेट शेवटच्या टोकाला, ‘ओकुनोइन-माए’ला जा. कूकाई ८३५ पासून ओकुनोइनच्या समाधीत ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा आहे, आणि रोज सकाळी सहा व साडेदहाला त्यांना जेवण नेतात. साडेसातला नांबा सोडलं तर साडेदहाच्या आधी समाधीजवळ पोचता येतं. लाकडी पेटी खांद्यावर घेऊन चालणारे भिक्षू पुलावरून जाताना वाट सोडून बाजूला उभं राहायचं. गोब्योबाशी पुलापलीकडे फोटो, खाणं, टोपी काहीही चालत नाही.

मग जुन्या वाटेनं इचिनोहाशी पुलापर्यंतचे दोन किलोमीटर सावकाश चालत परत या. देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत, सरदारांपासून सामान्यांपर्यंत. पाच दगड एकावर एक रचलेली समाधी वारंवार दिसेल: खाली चौकोनी, त्यावर गोल, मग छपरासारखा उतरता, अर्धचंद्र आणि टोकाला कळी. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश. त्यांवर बहुधा एकेक अक्षर कोरलेलं असतं, खालून वर अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम् आहे, ब्राह्मीच्याच कुळातली. देवनागरी वाचणाऱ्याला थोडं निरखल्यावर काही वळणं ओळखू येतात. शेवाळलेल्या दगडांवर शोधू नका, नव्या समाध्यांवर अक्षरं स्वच्छ असतात.

दुपारी दानजो गारान, म्हणजे मठाचं मूळ आवार. ४८.५ मीटरचा लाल कोन्पोन दाइतो पॅगोडा १९३७ मध्ये पुन्हा बांधलेला आहे, आत महावैरोचनाभोवती मूर्ती आणि रंगवलेल्या खांबांचं उभं मंडल आहे. मग पंथाचं मुख्य देऊळ कोंगोबुजी (१००० येन), तिथली पांढऱ्या वाळूची दगडी बाग. पाचला सगळं बंद, आणि चारनंतर बसच्या रांगा वाढतात. केबल कारच्या वेळेआधी किमान अर्धा-पाऊण तास बसथांब्यावर असा.

जोराच्या पावसात आणि वादळात हाशिमोतोच्या पुढची गाडी बंद ठेवतात. सकाळी निघण्याआधी नानकाईची सूचना बघा; बंद असेल तर त्या दिवशी नाराला जा.

हिमेजी: किल्ला बघायचा तर डोळे वाटेवर ठेवा

ओसाकाहून शिन-काइसोकु तासाभरात पोचवते, भाडं सुमारे १५०० येन, दिवसा दर पंधरा मिनिटांना. शिनकानसेन (बुलेट ट्रेन) अर्धा तास वाचवते आणि पैसे दुप्पट घेते; गरज नाही. काही गाड्यांत ‘ए सीट’ नावाचा आरक्षित डबा असतो, त्यात चुकून शिरू नका. डाव्या बाजूला बसलात तर सुमानंतर समुद्र आणि आकाशीचा झुलता पूल दिसतो.

१ मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांना किल्ल्याचं तिकीट २५०० येन आहे, अठरा वर्षांखाली फुकट. नऊ ते पाच, शेवटचा प्रवेश चारला. मुख्य बुरुज १६०९ मधला. गडकिल्ले फिरणाऱ्यांना इथली आखणी लगेच कळेल, कारण रायगडाच्या गोमुखी दरवाजासारखाच विचार इथे पूर्ण डोंगरभर पसरला आहे: वाट पुन्हा पुन्हा वळते, दरवाजे अरुंद होत जातात, आणि एका ठिकाणी बुरुजाकडे पाठ करून चालावं लागतं. भिंतींतल्या गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या बंदुकीसाठी, उभट आयताकृती बाणांसाठी. कौलांच्या सांध्यांतही चुन्याचा गिलावा आहे, म्हणून छप्परसुद्धा लांबून पांढरं दिसतं.

बुरुजात बूट काढून पिशवीत घेऊन फिरायचं. जिने जवळजवळ शिडीसारखे आहेत, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर पश्चिम आवारातला लांब लाकडी ओवरा आणि शेजारची कोकोएन बाग बघा, दिवस फुकट जात नाही. थंडीत पायात जाड मोजे हवेत.

परतताना सान्नोमियाला उतरलं तर कोबेच्या कितानो भागात भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. १९८५ चं जैन मंदिरही तिथेच आहे. मध्ये उतरल्यानं भाडं थोडं वाढतं, एवढंच.

वेळ उरला तर क्योतोजवळचं उजी गाव अर्ध्या दिवसाचं काम आहे: केइहाननं चुशोजिमाला बदलून. १० येनच्या नाण्यावरचं, तिथल्या ब्योदोइन देवळाचं फिनिक्स दालन १०५३ मधलं. आत जायला बागेच्या तिकिटाशिवाय वेगळे ३०० येन, दर वीस मिनिटांना पन्नास जण. आल्याआल्या आधी हे तिकीट घ्या, बाग नंतर.

जेवण

जपानी शाकाहाराची खरी अडचण मांसापेक्षा ‘दाशी’ची आहे. ‘कात्सुओ’ माशाचं हे पाणी सूप, नूडल, भाजी, सॉस सगळ्यांत असतं. विचारायचं ते असं: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ दाशी वा हाइत्ते इमासु का?’ म्हणजे मांस-मासे खात नाही, यात माशाची दाशी आहे का? फोनवर जपानीत लिहून दाखवणं जास्त भरवशाचं. कोयासानला शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण मिळतं. त्यात मांस-मासे तर नाहीतच, परंपरेनं कांदा-लसूणही नसतं, त्यामुळे जैन मंडळींनाही चालण्यासारखं बरंच असतं. मठातल्या जेवणासाठी आधी नोंदणी लागते. गोमा-दोफू हा तोफूसारखा पदार्थ तीळ, कुद्झूचं पीठ आणि पाणी यांचं, पण वरचा सॉस विचारून घ्या. नाराची पानात गुंडाळलेली सुशी माशाची असते. स्टेशनजवळ कुटून देतात तो हिरवा ‘योमोगी मोची’ (चिकट तांदळाचा गोळा) चालतो. उपाहारगृहं दुपारी दोनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद करतात, त्यामुळे जेवण साडेअकराला उरकलेलं बरं.

गाडी अडली तर

एखादी कंपनी बंद पडली की दुसरीच्या गाडीनं फुकट जाऊ देतात, पण ही सवलत कागदी तिकीट किंवा मासिक पास असलेल्यांना असते. इकोकात भरलेल्या पैशांवर चालणाऱ्यांना नाही. अशा वेळी कार्डावर शिल्लक असलेली बरी, म्हणून परतीच्या दुप्पट भाड्याइतके पैसे आणि खिशात दोन-तीन हजार येनच्या हजारी नोटा ठेवा. बसमध्ये मोठी नोट सुटत नाही.